पदवी, परवाना आणि दीक्षा

वैद्यकशास्त्र शिकणे आणि वैद्यकी करण्यास मुखत्यार होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही जाणीव आपल्या देशात फार जुनी आहे. वैद्याने रुग्णाच्या दारी जाण्यास केव्हा प्रारंभ करावा, याचा विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आला आहे. ज्याने शास्त्राचे अध्ययन केले, त्याचा अर्थ समजून घेतला, कर्म डोळ्यांनी पाहिले, स्वतःच्या हातांनी त्याचा सराव केला आणि एवढे सगळे झाल्यावर ज्याला राजाची अनुज्ञा मिळाली, त्यानेच या मार्गास लागावे, असा तेथील प्रतिपादनाचा आशय आहे. शस्त्रकर्माचा सराव प्रथम कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, असेही तो ग्रंथ सांगतो. म्हणजे अध्ययन, सराव आणि अनुज्ञा अशा तीन पायऱ्या तेव्हाही मानलेल्या होत्या, आणि त्यांचा क्रमही ठरलेला होता.

इतर देशांनाही हा प्रश्न चुकला नाही. इ. स. ९३१ मध्ये बगदाद शहरी एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलिफाने सिनान इब्न साबित या राजवैद्यास नगरातील वैद्यांची परीक्षा घेण्याची आज्ञा केली, असे अरबी इतिहासकार लिहून गेले आहेत. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने वैद्यांची नोंदवही सुरू झाली. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९१२ साली झाला. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच व्यवहारी अडचण आहे. रुग्ण हा वैद्याची पारख करू शकत नाही. भाजी निवडून घेता येते, कापड हाताने चाचपून पाहता येते. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन आलेली आई समोरच्या डॉक्टराचे ज्ञान कशावरून तोलणार? तिच्या वतीने कोणीतरी आधीच ते तोलून ठेवलेले असावे लागते. परवाना याचा अर्थ एवढाच आहे.

हा अर्थ नीट समजून घ्यावयाचा तर रायपूर शहराकडे पाहावे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात येऊन राहिली, आणि रायपूर हे त्यांच्या वस्तीचे एक जुने ठिकाण झाले. इंग्रजी राज्यात रायपूर मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. १९१४ मध्ये नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तेथून बाहेर पडणारे एल्. एम्. पी. डॉक्टर हे विद्यापीठाचे पदवीधर नव्हत, परवानाधारक होते. प्रांताच्या दूरदूरच्या दवाखान्यांचा भार पुष्कळ अंशी याच वर्गाने वाहिला. पुढे १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात हा दुय्यम वर्ग बंद करून सर्वांसाठी एकच, साडेपाच वर्षांचा शिक्षणक्रम असावा, अशी शिफारस केली. समितीतील काही सभासदांनी मात्र भिन्न मत नोंदविले. खेड्यांना डॉक्टर हवे असताना थोड्या मुदतीत तयार होणारा वर्ग मोडून टाकणे परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताची शिफारस अमलात आली. १९४७ मध्ये नागपुरास पूर्ण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर रायपूर मध्यप्रदेशात राहिले, आणि १९६३ साली रायपूरचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आज ते पंडित जवाहरलाल नेहरूंच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याला जोडलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालयास सारा मुलूख 'मेकाहारा' या सुटसुटीत नावाने हाक मारतो.

तथापि भोर समितीतील अल्पमताने विचारलेला प्रश्न मिटलेला नव्हता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्मास आले तेव्हा बस्तर आणि सरगुजाच्या अरण्यप्रदेशात डॉक्टरांची टंचाई भीषण होती. नव्या सरकारने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रकरणे न्यायालयात गेली. पदवीचे नाव बदलत राहिले आणि काही वर्षांतच अभ्यासक्रम बंद पडला. जे विद्यार्थी शिकून बाहेर पडले होते, त्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची आणि रीतसर पदवीधर डॉक्टरांची तुलना केली गेली. नेहमीच्या आजारांची तपासणी व उपचार यांत हे सहायक पदवीधरांच्या बरोबरीने उतरले. एवढ्यावरून पदवी व्यर्थ ठरते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. कारण नेहमीचा ताप ओळखणे वेगळे आणि नेहमीसारखा दिसणारा पण तसा नसलेला ताप ओळखणे वेगळे. परंतु परवान्याने नेमके काय मोजावे, हा प्रश्न त्या अभ्यासाने पुन्हा ऐरणीवर आणला, यात संशय नाही.

हाच प्रश्न आज एका निराळ्या वर्गापुढे उभा आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम. बी. बी. एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यांतील सरकारी जागा संपल्या की खाजगी महाविद्यालयांचे शुल्क पुष्कळ घरांच्या आवाक्यापलीकडे जाते. मग रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपाइन्स अशा देशांची नावे घरात ऐकू येऊ लागतात. रायपूर, नागपूर, लातूर, अकोला, कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबात हा संवाद घडतो. शेत गहाण पडते, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे निघतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांचे मूल बर्फाळ प्रदेशात शरीरशास्त्र शिकावयास जाते. सहा वर्षांनी ते परत येते ते पदवी घेऊन. परंतु अनुज्ञा त्याच्यापाशी नसते.

ही अनुज्ञा मिळविण्यासाठी २००२ पासून एक चाळणी परीक्षा ठेवण्यात आली आहे. जून आणि डिसेंबर अशी ती वर्षातून दोनदा होते. एका दिवसात दीडदीडशे प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकास अडीच तास, एकूण गुण ३००. त्यांतील १०० गुण शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृती, सूक्ष्मजीव, औषधे आणि न्यायवैद्यक या पायाभूत विषयांना, आणि २०० गुण प्रत्यक्ष रुग्णाशी संबंध येणाऱ्या विषयांना. १५० गुण मिळविणारा उत्तीर्ण. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. ऐकावयास हे सोपे वाटते. अर्धे गुण मिळविणे, तेही पर्यायांतून उत्तर निवडून, यात अवघड ते काय, असे बाहेरच्यास वाटेल. परंतु जून २०२३ च्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण होते सुमारे दहा टक्के, आणि इतर वेळीही ते बहुधा वीस-तीस टक्क्यांच्या आसपास घोटाळते.

याचे कारण निव्वळ आळसात शोधणे अन्यायाचे होईल. परदेशी शिकलेल्या विद्यार्थ्याची खरी उणीव पुस्तकाची नसते, ती भूगोलाची असते. ज्या देशात हिवताप नाही तेथील वॉर्डात हिवतापाचा रुग्ण कोठून दिसणार? कीटकनाशक प्यालेला शेतकरी, क्षयाने झिजलेला खाणकामगार, धनुर्वाताचे नवजात मूल हे त्याने पाहिलेले नसतात. पाहिले असले तरी रुग्णाची भाषा समजत नसल्याने त्याच्याशी बोलणे झालेले नसते. त्यातच २०२० च्या महामारीने चीनमधील आणि २०२२ च्या युद्धाने युक्रेनमधील हजारो विद्यार्थी मायदेशी परतले. त्यांची शेवटची वर्षे संगणकाच्या पडद्यापुढे गेली, आणि हृदयाचे ठोके त्यांनी रुग्णाच्या छातीवर कान ठेवून ऐकण्याऐवजी घरात बसून ऐकले. प्रत्यक्ष रुग्णापाशी न झालेले हे शिक्षण भरून निघावे म्हणून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने अशांच्या आंतरवासितेची मुदत वाढविली. मुलांना ती शिक्षा वाटली. रुग्णाच्या बाजूने पाहणाऱ्यास तिच्यातील न्याय दिसल्यावाचून राहत नाही.

म्हणून या परीक्षेची तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. एकोणीस-वीस विषय आणि हाती आठ-दहा महिने, असा हिशेब असतो. जो विद्यार्थी पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून आरंभ करतो, तो बहुधा शरीररचनेच्या अरण्यातच वाट चुकतो. शहाणा विद्यार्थी प्रथम गुणांची वाटणी पाहतो. सामुदायिक वैद्यकास ३० गुण आहेत, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रासही ३० आहेत. लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम, पाण्याचे निर्जंतुकीकरण, मातामृत्यूंची गणना या गोष्टी पुष्कळांना रुक्ष वाटतात आणि परदेशी अभ्यासक्रमात त्या आपल्या देशाच्या अंगाने येतही नाहीत. परंतु याच गोष्टी छत्तीसगडातील डॉक्टराच्या हाती रोज पडणार असतात. परीक्षकाने त्यांना इतके गुण दिले आहेत ते उगाच नव्हे.

दुसरे असे की, प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस असतो. समजा, प्रश्न असा आला: पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर निजलेला मनुष्य पहाटे पोटदुखीने जागा होतो, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, अंगावर कोठे जखम दिसत नाही. ज्याने सर्पविषाचे प्रकरण पाठ केले, तो दंशाची खूण शोधील आणि न मिळाल्यास चकेल. ज्याने ते समजून घेतले, तो जाणील की मण्यार रात्री चावते, तिचा दंश बहुधा दुखत नाही आणि सुजतही नाही. तिचे विष स्नायूंना जाणारा मज्जातंतूंचा निरोप तोडते आणि अखेर श्वास थांबवते. या प्रश्नाला परीक्षेत एक गुण आहे. बस्तरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात याच प्रश्नाला एका कुटुंबाचा कर्ता पुरुष आहे. पोटदुखीची गोळी देऊन त्याला घरी धाडले, तर दुपारपर्यंत तो जगत नाही. प्रतिविष वेळेवर दिले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या ठिकाणी नेले, तर तोच मनुष्य काही दिवसांनी आपल्या पायांनी चालत घरी जातो.

तीच गोष्ट सिकलसेलची. छत्तीसगड, विदर्भ आणि ओडिशा या पट्ट्यात रक्तातील तांबड्या पेशींचा हा जन्मजात दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना करतात. लहान मूल हातपाय दुखतात म्हणून रडते, आणि न जाणणारा डॉक्टर त्याला संधिवाताचे औषध देतो. या रोगाच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष ठरले. रायपूरला तयारी करणारा विद्यार्थी हा धडा वाचताना गल्लीतील एखाद्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू शकतो. तो धडा मग त्याच्या स्मरणातून जात नाही.

या तयारीत आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. ती म्हणजे अपयश. पहिल्या खेपेस न उतरलेला विद्यार्थी पंचविशीचा असतो. त्याच्या बरोबरीची मुले नोकरीस लागलेली असतात. शेजारी त्याला डॉक्टर म्हणतात आणि ती हाक त्याला टोचते, कारण औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो. लग्नसमारंभास जाणे तो टाळतो. वडील काही विचारीत नाहीत, आणि ते न विचारणेच त्याला जड जाते. अशा वेळी घराने एवढे ओळखावे की परीक्षेत राहिलेला तरुण हा नालायक ठरलेला नसतो. त्याची वेळ अद्याप आलेली नसते, इतकेच. आणि त्या तरुणानेही ओळखावे की ही चाळणी त्याच्याविरुद्ध उभी केलेली नसून त्याच्या पुढील रुग्णाच्या बाजूने उभी केलेली आहे. चुकलेल्या प्रश्नांची वही जो प्रामाणिकपणे ठेवतो, प्रत्येक चुकीपुढे ती का झाली हे लिहितो, झोप मोडून नव्हे तर नियमाने वाचतो, तो बहुधा पुढच्या खेपेस पार पडतो.

येथे एक शंका रास्तपणे विचारली जाते. परदेशातून आलेल्यांनाच ही कसोटी का? १९५६ च्या कायद्याने चालत आलेली भारतीय वैद्यक परिषद २०२० मध्ये विसर्जित होऊन तिच्या जागी आयोग आला, तो २०१९ च्या कायद्यान्वये. त्याच कायद्यात देशातील आणि परदेशातील सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच अंतिम परीक्षा योजलेली आहे. तिची मुदत मात्र पुढे ढकलली गेली. एकाच देहावर उपचार करणाऱ्यांना दोन मापे लावू नयेत, हे तत्त्व निर्विवाद आहे; ते अमलात आणताना मापच सदोष राहू नये, ही काळजीही तितकीच योग्य आहे.

परीक्षा उतरली की राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी होते आणि आंतरवासितेचे वर्ष सुरू होते. देशात शिकलेला आणि परदेशात शिकलेला असे दोघेही येथे एका रांगेत येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे या बावन्न आठवड्यांतील बारा सामुदायिक वैद्यकासाठी, सात स्त्रीरोग व प्रसूतीसाठी, सहा औषधवैद्यकासाठी, सहा शल्यविभागासाठी आणि उरलेले इतर विभागांत वाटलेले असतात. कागदावरची ही वाटणी वॉर्डात शिरताच निराळे रूप घेते. पहिल्या दिवशी नव्या डॉक्टराला आढळते की तीनशे प्रश्नांपैकी एकही प्रश्न येथे चार पर्याय घेऊन येत नाही. सुकलेल्या अंगाच्या म्हातारीच्या हाताची शीर सापडत नाही. रक्ताची बाटली आणावयास नातेवाईक गेला तो परतलेला नाही. रात्रीच्या दोन वाजता ज्याला विचारावे तो वरिष्ठ शस्त्रक्रियागृहात अडकलेला आहे. अशा वेळी जी परिचारिका शांतपणे पुढे होऊन शीर कशी धरावी हे दाखविते, ती त्याची पहिली गुरू असते. तिच्यापाशी नम्र होता आले तर वर्ष सार्थकी लागते. पदवीचा ताठा आड आला तर ते फुकट जाते.

भाषेचीही दीक्षा असते. मेकाहाराच्या बाह्यरुग्ण विभागात आलेली बाई 'मूड पिरावत हे' असे म्हणते. मराठी घरातून आलेल्या डॉक्टराला डोके दुखते म्हणून सांगणारे हे छत्तीसगडी शब्द चार दिवसांत उमजतात. परंतु ते सांगताना ती खाली का पाहते, घरी कोणी मारहाण केली काय, हे उमजण्यास अधिक दिवस लागतात. खेड्यातील बारा आठवड्यांत हे शिक्षण घडते. छत्तीसगडी लोकांत विधिपूर्वक मैत्री जोडण्याची जुनी चाल आहे; अशा जोडलेल्या मैत्रिणीला 'मितानिन' म्हणतात. २००२ मध्ये राज्याने गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्याची योजना काढली तेव्हा तिला हेच नाव दिले. पुढे देशभर ज्या आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यांच्यामागे या प्रयोगाचा अनुभव होता. कोणत्या पाड्यात कोणती बाई सातव्या महिन्यात आहे, कोणाच्या घरी क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटल्या, हे मितानिनीला तोंडपाठ असते. नवा डॉक्टर तिच्यामागून पाड्यात फिरला, तर त्याला रोगाच्या अलीकडचे घर दिसते: ओली जमीन, धुराने भरलेली चूल, आणि दवाखान्यापर्यंतचे दहा कोस.

या वर्षाचे मोल काय, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून कळेल. जालना जिल्ह्यातील खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपुरास वैद्यक शिकून कोकणात महाडच्या बाजूस शासकीय सेवेत गेले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले दगावत होती. हे मरण कसे येते, याचे समाधानकारक उत्तर पुस्तकात नव्हते. या डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांची नोंद ठेवली. हृदयावर पडणारा ताण ओळखला. आणि ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग करून मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले. जगातील नामांकित वैद्यक नियतकालिकांनी त्यांचे लेखन छापले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परवाना त्यांच्या पिढीतील इतर डॉक्टरांपाशीही होता. पण आपल्याला ठाऊक नाही हे ओळखून ते शोधण्याची जी वृत्ती, तिचा परवाना कोणतीही परिषद देत नाही.

तेव्हा परीक्षेकडून जितके मिळण्यासारखे आहे तितकेच मागावे. ती फार तर एवढे सांगू शकते की या व्यक्तीच्या हाती रुग्ण सोपविल्यास अज्ञानामुळे अपाय होण्याची भीती कमी आहे. आंतरवासितेचे वर्ष त्यापुढचे सांगते: या व्यक्तीला हाक मारली तर ती रात्री उठते काय, चुकल्यास सांगते काय, गरीबाचे बोलणे पुरते ऐकून घेते काय. यांतील पहिली गोष्ट यंत्राने तपासता येते. दुसरी केवळ वरिष्ठांच्या डोळस देखरेखीने. आपल्याकडे पहिलीवर सारा भर आणि दुसरीकडे दुर्लक्ष अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. आंतरवासींना केवळ कागद भरणारे आणि रक्ताच्या नळ्या पोहोचविणारे हात म्हणून राबविले, काहींना विद्यावेतनही वेळेवर दिले नाही, तर त्यांनी दीक्षा कोणापासून घ्यावी?

सुश्रुताने अनुज्ञा राजाकडे सोपविली, कारण प्रजेच्या जीविताचे उत्तरदायित्व राजाचे होते. आज तो राजा म्हणजे आपण सारे नागरिक आहोत. परीक्षा कठोर असावी, असे आपण म्हणतो. मग तिच्यासाठी लागणारे शिक्षण परवडेल असे असावे, हेही आपणच म्हटले पाहिजे. खेड्यात डॉक्टर जावा, असे आपण म्हणतो. मग तेथे त्याला प्रतिविषाची कुपी, डोक्यावर छप्पर आणि विचारावयास एक अनुभवी वडीलधारा मिळावा, ही तजवीजही आपलीच. एवढे झाले म्हणजे रायपूरच्या एखाद्या खोलीत रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा वाया गेला, असे म्हणण्याची पाळी येणार नाही. त्या उजेडात वाचलेले एखादे पान पुढे कधी तरी, कोठल्या तरी दूरच्या पाड्यात, पहाटेच्या वेळी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि ज्याच्या उपयोगी पडेल त्याला त्या परीक्षेचे नावही ठाऊक नसेल.